धुराचा खोकला

५ डिसेंबर १९३८, सोमवार

आज एकंदर सत्तेचाळीस वेळा खोकलो! आकडा पक्का आहे, कारण मोजणारा मी एकटा नव्हतो. तिसरीला वजाबाक्या घालून जरा खुर्चीत टेकलो, खोकलो, तर मागच्या रांगेतून आवाज — "एकतीस." लगेच दुसरा — "न्हाई रं, बत्तीस. फळा पुसताना एक झाला न्हवं?" दोघांनाही उभं केलं. पण बत्तीसवाल्याचं बरोबर होतं, म्हणून त्याला आधी बसवलं. मार्गासनीच्या शाळेत गणित कच्चं आहे असं आता कुणी म्हणू नये.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला गेलो होतो, तेव्हा जुन्या बाजारातून वैद्यकाचं एक पुस्तक आणि एक थर्मामीटर घेऊन आलो. पुस्तकाची पहिली बारा पानं नाहीत. त्यामुळे त्या बारा पानांतले रोग मला अजून झालेले नाहीत. तेराव्या पानापासून छातीचे विकार सुरू होतात.

घरात आम्ही दोघंच. मी आणि आमचं कुटुंब, चंद्राबाई. तिला पुस्तक दाखवलं. तिला वाचता येत नाही. चित्रातली फुफ्फुसं बघून म्हणाली, "ह्ये काय, वांगी व्हय?"

८ डिसेंबर, गुरुवार

दमा असावा. पान तेरा ते एकवीस. चढावर धाप लागणे, छातीत घरघर, पहाटे गुदमरल्यासारखे होणे. शाळेचा चढ मुद्दाम झपाझप चढून बघितला — लागली धाप! तेवढ्यात आमचे हेडमास्तर चिमाजीराव मागून आले. माणूस पेन्शनीला टेकलाय, खांद्यावर भाताचं अर्धं पोतं. माझ्या पुढं निघून गेले आणि वर पोचून विचारतात, "आनंदराव, बरं न्हाई का?"

घरी सांगितलं. चंद्रा म्हणाली, "दमा माज्या चुलत्याला हुता, कामथडीला. त्यो बसून झोपायचा बिचारा. तुमी तर आडवं पडून घोरता."

तरी दुपारी अडुळशाचा पाला आणून कुटला तिने, रस काढला, मध घातला. मला दिवसातून तीनदा एक-एक चमचा. कुटताना स्वतःच खोकत होती — चुलीच्या धुराने. म्हटलं, दार उघडं ठेवावं माणसाने. म्हणाली, "उगडंच हाय."

जेवण जास्त गेलं नाही. दीड भाकरी. ताटात उरलं ते उरलं. ते काही वाया जात नाही, माझ्यामागून चंद्रा त्याच ताटात वाढून घेते. तिच्या आईने घालून दिलेली रीत. मी हात धुतला की पुस्तक घेऊन ओसरीवर, ती आत.

११ डिसेंबर, रविवार

प्लुरसी! म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाला सूज. पान चौतीस. डाव्या कुशीत कळ, खोल श्वास घेतला की जास्त. पहाटेपासून अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. हलता येईना. चंद्राला बोलावलं, कूस दाखवली. तिने बघितलं, अंथरुणात हात घातला आणि थर्मामीटरची पत्र्याची नळी बाहेर काढली. रात्रभर मी त्या नळीवर झोपलो होतो!

ती हसायला लागली. हसता हसता खोकायला लागली. मग भिंत धरून खाली बसली, तरी खोकला थांबेना. एवढं हसण्यासारखं काय होतं? मला रागच आला. नवऱ्याच्या कुशीत कळ, आणि हिला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत गंमत.

१४ डिसेंबर, बुधवार

थर्मामीटर बिघडलेलं निघालं. जुन्या बाजारातला माल, दुसरं काय!

तीन दिवस सकाळ-संध्याकाळ लावतो. दर वेळी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. माझ्यासारख्या आजारी माणसाला इतका सरळ आकडा कसा? संशय आला. आज दिवेलागणीला पडताळा घ्यायचा म्हणून चंद्राच्या जिभेखाली दोन मिनिटं धरलं. "बोलू नको" म्हटलं तर डोळ्यांनीच हसत होती. काढून बघतो तर शंभर पॉइंट दोन! धडधाकट बाई, पहाटे उठून दोन हंडे पाणी आणणारी, तिला शंभरावर ताप, आणि मला काही नाही!

अर्थात चुलीपुढं बसलेल्या माणसाचं तोंड गरम असायचंच. तरी यंत्रावरचा माझा विश्वास उडाला. नळीत घालून फडताळात टाकून दिलं.

१९ डिसेंबर, सोमवार

शाळाखात्याचे डिपोटीसाहेब तपासणीला आले. आले ते आले आणि नेमके माझ्याच वर्गात. कविता म्हणून दाखवायची होती. पहिल्या ओळीला खोकलो. दुसऱ्या ओळीला जरा तपकीर ओढून घसा मोकळा केला, तर शिंका आणि खोकला एकदमच. साहेब खुर्ची उचलून खिडकीपाशी गेले आणि नाकाला रुमाल लावला. मागची रांग ओठ हलवत मोजत होती, ते मला दिसत होतं.

जाताना साहेब चिमाजीरावांना म्हणाले, मी ऐकावं एवढ्या मोठ्याने — "यांची थुंकी तपासून डॉक्टरचा दाखला आणवा. जानेवारीअखेर. मुलांच्यात असा माणूस चालणार नाही."

असा माणूस!

साहेब गेल्यावर चिमाजीराव म्हणाले, "आनंदराव, दाखला आणा बाबा. दुसरं काय बी असंल तर निभंल. पर त्ये निघालं तर बोर्ड नोकरीत ठिवत न्हाई."

२० डिसेंबर

क्षय. लिहून बघितला. दोनच अक्षरं, पोरांना जोडाक्षर शिकवायला बरी.

पान एकेचाळीस. बारीक खोकला, संध्याकाळी कणकण, अंग झडणे, दम, अन्नावर वासना नसणे. यातला खोकला माझ्याकडं आहे. बाकीचं येईल.

विनोद पुरे. आज मी भ्यालो आहे. गेल्या साली पलीकडच्या वाडीतल्या नाथा शिंप्याला झाला तेव्हाचं सगळं डोळ्यांपुढं आहे. आधी लोकांनी कपडे टाकायचं बंद केलं, मग पाणवठ्यावर त्याच्या बायकोची घागर बाजूला ठेवायला लावली. तो गेल्यावर घराचं छप्पर काढून जाळलं. मीच तेव्हा ओसरीवर बसून "स्वच्छता पाळायला हवी" असं म्हणालो होतो. शहाणा!

चंद्राला काही सांगितलं नाही. फक्त दाखल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "काय हुत न्हाई तुमास्नी. तपकीर सोडा."

२२ डिसेंबर

गेनबाकडं जाऊन आलो. गेनबा म्हणजे वरच्या पठारावरचा धनगर, आम्हाला शेळीचं दूध घालतो. त्याला पुस्तकाची बारा पानं काय, एक पानही लागत नाही. म्हणाला, "मास्तर, छातीच्या खोकल्याला येकच. धा दिस शेळ्यांच्यात बसायचं. त्यांचा वास छातीत गेला पायजे. आन् दूध तितल्या तितंच प्यायचं."

बसलो. लोकल बोर्डाचा ट्रेनिंग झालेला शिक्षक, काळी टोपी, उपरणं, सभोवती बावीस शेळ्या. वेळ जावा म्हणून पुस्तक उघडलं. गेनबाशी बोलायला मान वळवली तेवढ्यात एका करडाने क्षयाच्या प्रकरणाचं शेवटचं पान ओढून खाल्लं. त्यावर उपचार होते. लक्षणं तेवढी माझ्याकडं राहिली!

घरी आलो तर चंद्रा नाक दाबून म्हणते, "भाईरच अंगुळ करा." दूध रोज दोन शेर घ्यायचं ठरवलंय. मला. तिला म्हटलं घे थोडं, तर म्हणाली, "आवशीद हाय ते. आवशिदात वाटा घीत्यात व्हय?"

२५ डिसेंबर, रविवार

नाताळची सुट्टी. नसरापूरच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. शर्ट काढायला लावला. पाठीवर दोन बोटं ठेवून दुसऱ्या हाताने ठोकलं, माठ घेताना वाजवून बघतात तसं. नळी लावून "श्वास घ्या, सोडा, पुन्हा घ्या." मी इतक्या जोरात घेतला की चक्कर आली.

मग म्हणाले, "छाती मला स्वच्छ वाटते. हा घशाचा खोकला आहे. खडूची भुकटी आणि तुमची ती तपकीर. डबी आजच फेका."

वाटते! वाटते म्हणजे काय? नोकरीचा प्रश्न आहे आणि यांना वाटते!

दाखल्यासाठी मात्र थुंकी तपासायलाच हवी, असं त्यांनी सांगितलं. रुंद तोंडाची एक बाटली दिली, वर माझ्या नावाची चिठ्ठी चिकटवली. सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरायच्या आधी, छातीतून खोल खोकून आलेलं त्यात धरायचं. लाळ नको. गुरुवारी सकाळी नसरापूरला पोचती करायची, म्हणजे मोटारीने पुण्याला जाईल. तिथं काचेवर पसरून, रंग देऊन, सूक्ष्मदर्शकातून जंतू बघतात. पंधरा-वीस दिवसांनी उत्तर.

"घरात आणखी कुणाला खोकला?" त्यांनी विचारलं.

"छे! मलाच," मी म्हणालो. जरा अभिमानानेच म्हणालो की काय कोण जाणे.

निघताना म्हणाले, "उत्तर येईपर्यंत आपलं ताट, तांब्या वेगळा ठेवा. उष्टं कुणाला देऊ नका."

२६ डिसेंबर

ताटाचं चंद्राला सांगितलं नाही.

सांगायचं ठरवून बसलो होतो. तिने वाढलं. तोंड उघडलं आणि "मीठ कमी आहे" म्हणालो. ताट वेगळं काढ म्हटलं की ती का विचारणार. का ते सांगितलं की रोग घरात आला, पाणवठ्यावर गेला, पार लांबच्या सारोळे गावापर्यंत पोचला. नरकात एखादी वेगळी जागा असावी, माझ्यासारख्या भित्र्या माणसासाठी! ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं, पाण्याने विसळून प्यायलो, म्हणजे उष्टं असं काही उरू नये. ती म्हणाली, "आज लई भूक हुती वाटतं."

२७ डिसेंबर

बाटली घेऊन पहाटे परसात उभा राहिलो. खोकलो. काही नाही. पुन्हा खोकलो. लाळ! दिवसाला पन्नासदा खोकणारा मी, आणि बाटलीत टाकायला चिमूटभर ऐवज नाही. सगळा खोकला कोरडा. नुसता आवाज.

२८ डिसेंबर, बुधवार

आजही नाही. मिठाच्या पाण्याची वाफ घेतली, उताणा झोपलो, पालथा झोपलो. पाटावर उभा राहून उड्या मारल्या. गेनबा दूध घालायला आला होता, तो कुंपणापाशी उभा राहून बघत होता. काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.

उद्या बाटली पोचायला हवी. आणि समजा आलंच काही, आणि त्यात ते निघालं तर?

एक युक्ती सुचली आहे.

२९ डिसेंबर, गुरुवार

झालं काम! लिहायला जरा लाज वाटते, पण ही वही माझ्याशिवाय कोण वाचतंय.

चंद्रा रोज पहाटे गोठ्यामागं जाऊन खोकते, हे मला माहीत होतं. आमच्याकडच्या बायका पुरुषांसमोर खोकत-खाकरत नाहीत. तिचा खोकला ओला आहे, धुराचा असल्यामुळे. म्हणजे बाटलीला हवा तसा, आणि आत काही निघायची भीती नाही! तिची थुंकी, माझी चिठ्ठी. दाखला स्वच्छ, नोकरी शाबूत.

तिला सांगितलं. ती मागं सरली. "माजी नगं."

"अगं, नुसतं थुंकायचं तर आहे."

"नगं म्हंते न्हवं. साळूबाईची घ्या. नायतर गेनबाची घ्या."

आता साळूबाई शेजारीण, तिच्याकडं जाऊन काय सांगू, मावशी, जरा थुंकता का? मी चिडलो. नोकरी जाईल म्हणालो. मग तिने विचारलं, "त्यात काय वंगाळ निघालं तर?"

"काय निघणार? पुस्तकात दिलंय सगळं. तुझा धुराचा खोकला आहे." पुस्तकात धुराबद्दल एक ओळ नाही.

तिने बाटली हातात घेतली. मग म्हणाली, "त्वांड फिरवा तिकडं."

मी तोंड फिरवलं. मागं खोकल्याचा आवाज आला, बराच लांबला. तिने बाटली दिली ती झाकण घट्ट लावून, पदराने बाहेरून पुसून. चालत नसरापूर गाठलं, बाटली दिली, डबीतली तपकीर येताना पुलावरून नदीत ओतली. दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं हलकं वाटलं!

३ जानेवारी १९३९

शाळा उघडली. खोकला — नऊ. वर्ग नाराज.

८ जानेवारी, रविवार

खोकला — दोन. तपकीर सोडून दहा दिवस झाले. डॉक्टरला खरंच "वाटत" होतं ते बरोबर होतं म्हणायचं! दोन महिने मी एका डबीचा रोगी होतो. पुस्तक पोत्याखाली टाकलं.

चंद्रा म्हणते भाकरी थापताना दम लागतो. लाकडं ओली आहेत. गेनबाला सांगून सुकी आणवली.

१३ जानेवारी, शुक्रवार

भोगी. बांगड्या भरायला बाळाबाई कासारीण आली होती. चंद्राचा हात दाबून म्हणते, "मास्तरीनबाय, गेल्या साली आडीचचं माप हुतं. आता सव्वादोन बी ढिलं व्हतंय की!" जुन्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. मी म्हणालो, "बाळाबाई, नवरा चांगला सांभाळत असला की बायको अशी मुलीसारखी राहते." दोघी हसल्या. चंद्रा जरा कमी हसली.

बाजरीची भाकरी, लोणी, भोगीची भाजी. तीन भाकऱ्या खाल्ल्या. माझी तब्येत झकास!

१८ जानेवारी, बुधवार

डॉक्टरांचं पाकीट आलं. मधल्या सुट्टीत, शाळेतच. तिथंच फोडलं. "थुंकीत क्षयाचे जंतू आढळले. शाळेत जाऊ नये. ताबडतोब भेटावे."

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. पुढं कधी स्वतःबद्दल काही बरं वाटायला लागलं तर हे पान वाचायचं.

वाचलं, आणि पहिला विचार मनात आला तो असा — बघा! मी सांगत होतो की नाही! चिमाजीराव समोर होते. पत्र त्यांच्या हातात दिलं. "मला क्षय आहे," मी म्हणालो, मोठ्याने. शेवटी माझं कुणीतरी खरं केलं, असा आवाज लागला होता माझा! दारात पोरं होती. चिमाजीराव पाऊलभर मागं झाले. त्यांचा चेहरा बघताना मला आठवलं की बाटलीत काय होतं.

मी खाली बसलो. चिमाजीरावांना वाटलं आजाराने बसलो.

घरी ती निवडत बसली होती. सुपातले तांदूळ. खांद्याची हाडं पातळातून दिसत होती. ती कधीपासून दिसताहेत? मी म्हणालो, उद्या आपल्याला दोघांना नसरापूरला जायचंय. म्हणाली, "माजं काय काम?"

ही वही मागं मागं वाचत गेलो. चौदा डिसेंबरपाशी थांबलो. पुढं वाचवेना.

१९ जानेवारी, गुरुवार

चिमाजीरावांनी त्यांची बैलगाडी दिली. स्वतः लांब उभं राहून दिली, पण दिली.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते उठले आणि चंद्राला तपासायला लागले. ठोकलं, नळी लावली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "ताप केव्हापासून येतोय?"

मीच म्हणालो, "चौदा डिसेंबरला संध्याकाळी शंभर पॉइंट दोन होता."

"मोजला होतात?"

"हो."

"मग काय केलंत?"

"थर्मामीटर बिघडलंय असं ठरवलं."

डॉक्टरांनी टेबलावरचा टाक उचलला, पुन्हा खाली ठेवला. मला वाटतं त्यांनी ओरडायला हवं होतं.

उजव्या फुफ्फुसात, वरच्या टोकाला. फार पसरलेलं नाही, असं "वाटतं". या वेळी त्या शब्दाला मी हात जोडले. याला अजून हमखास औषध निघालेलं नाही. सहा महिने अंथरूण, दूध, अंडी, माशाचं तेल, अंगणात मोकळ्या हवेत झोपणं. चूल बंद. खोकताना तोंडावर फडकं, थुंकी राखेच्या डब्यात, डबा रोज जाळायचा. कॅल्शियमची इंजेक्शनं. आरोग्यधामात जागेसाठी ते नाव घालणार आहेत. माझीही छाती पुन्हा तपासली. स्वच्छ. मला ती स्वच्छ नको होती.

"बोर्डाला मी खरं तेच लिहिणार," ते म्हणाले. "घरात आजारी माणूस आहे, यांना सहा महिने रजा द्यावी. बाटलीचं तुम्ही स्वतः लिहा. गावाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

येताना गाडीत मी विचारलं, सांगितलं का नाहीस?

ती बाहेर बघत म्हणाली, "तुमचाच खोकला घरात मावत न्हवता. माजा कुटं ठिवू?" मग जरा वेळाने, "आन् तुमी म्हनला न्हवं, धुराचा हाय. तुमी येवडं पुस्तक वाचता."

मी रडलो. बैल चालत होते.

२० जानेवारी, शुक्रवार

डिपोटीसाहेबांना बाटलीचं लिहून टाकलं. काय करायचं ते करोत.

सगळ्या गावात झालंय — मास्तरला क्षय. साळूबाई दार लावून घेते. पाणवठ्यावर मी घागर घेऊन गेलो तर बायका उठून बाजूला झाल्या. चंद्राला मात्र लांबून ओरडून सांगतात, "बाय, तू जप गं!" मी काही दुरुस्त केलं नाही. दोन महिने सगळ्यांना पटवत होतो, आता पटलंय तर राहू दे. तिच्याकडं बघून कुणी मागं सरायला नको.

गेनबा दूध बांधावर ठेवून हाक मारतो आणि जातो. दोन्ही शेर तिला. "आवशीद तुमचं हाय," म्हणाली. म्हटलं, वाटा घेऊ नये औषधात. पी.

२१ जानेवारी, शनिवार

अंगणात तीन दगड मांडून मी भात केला. खाली लागला. ताटं वेगळी करायची म्हणून फळीवर हात घातला, तर मागं, पिठाच्या डब्याआड, एक जर्मनचं ताट आणि तांब्या. घासून पालथे घातलेले. हे कुणाचं, विचारलं.

"माजं."

कधीपासून?

"दसऱ्यापासनं. खोकला सुटंना, तवापासनं तुमच्या ताटात जेवले न्हाई मी. लागंल म्हून."

त्याच ताटात वाढलं. तिला आधी. माझं मागून, माझ्या ताटात.